वाचकाला बोलायला जागा हवी, आणि ती पुस्तकाच्या दुकानातच

पुस्तकाच्या दुकानात महिन्यातून एकदा दहा-पंधरा वाचक जमतात, सगळ्यांनी वाचून आणलेल्या एका पुस्तकावर दीड-दोन तास बोलतात आणि आपापल्या घरी जातात. इतक्या साध्या गोष्टीवर सध्या जो वाद घातला जातो, तो दोन्ही बाजूंनी वाईट रीतीने घातला जातो, असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते, बघा, वाचनसंस्कृती परत आली, तरुण मुलं हातात पुस्तक घेऊन बसली आहेत. दुसरी म्हणते, हा सगळा फोटोपुरता उत्साह आहे, निम्म्यांनी पुस्तक पुरतं वाचलेलं नसतं आणि दुकानदाराच्या गल्ल्यातही त्यामुळे फारशी भर पडत नाही. दोघांचं माप एकच: माणसं किती आली आणि प्रती किती खपल्या. त्या दोन तासांत तिथे नेमकं काय घडतं, याकडे कुणी बघत नाही.

माझं म्हणणं असं. मराठीत पुस्तकाभोवती बोलण्याचे प्रसंग कमी नाहीत. प्रकाशन समारंभ आहेत, व्याख्यानमाला आहेत, सत्कार आहेत, दरवर्षी साहित्य संमेलन आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासून चालत आली आहे, आणि तिने या शहराला खूप दिलं. पण या सगळ्या प्रसंगांत बोलणारा व्यासपीठावर असतो आणि वाचक समोरच्या खुर्चीत. ज्याने पैसे मोजून पुस्तक घेतलं, रात्री जागून वाचलं, त्याला ‘मला हे पटलं नाही, आणि ते या पानामुळे’ असं चार माणसांत म्हणता येईल अशी जागा आपल्याकडे जवळपास नाही. दुकानातला वाचनकट्टा ती जागा देतो. म्हणून तो टिकला पाहिजे, आणि तो पुस्तकाच्या दुकानातच भरला पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो.

विरोधकांचा पहिला आक्षेप खरा आहे. वाचन ही एकट्याने करायची गोष्ट आहे. पुस्तक मनात मुरायला वेळ लागतो आणि चर्चेच्या घाईत तो मिळत नाही. दहा जणांसमोर बोलायचं म्हटलं की माणूस वाचतानाच बोलण्यासाठीची वाक्यं शोधू लागतो, हेही खोटं नाही. पण एकट्याने वाचलेलं एकट्यापाशीच राहावं, हा नियम आपल्याकडे कधी होता? श्रावणात गावोगावी पोथी लागायची तेव्हा एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि ऐकणारे मध्येच शंका काढायचे. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत याच वाटेने पोचले. पुढे ‘केसरी’ आणि ‘दीनबंधू’ही एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकून त्यावर बोलायचं, अशीच रीत होती. मनातल्या मनात, एकट्याने, दार लावून वाचणं ही आपल्या समाजात त्या मानाने अलीकडची सवय आहे. ती चांगली सवय आहे, पण तिच्या नावाने बाकीच्या रीती मोडीत काढायचं कारण नाही.

एक बैठक मी जवळून पाहिली, ती इथे सांगतो. पुण्यातलं मध्यम आकाराचं दुकान. रविवारी संध्याकाळी साडेसहाला शटर अर्धं खाली ओढलेलं, शालेय पुस्तकांचा टेबल भिंतीला सरकवलेला, प्लास्टिकची स्टुलं आणि दोन-चार पुठ्ठ्याची खोकी हीच बैठकव्यवस्था. पुस्तक होतं उद्धव शेळके यांची 1960 ची कादंबरी ‘धग’. सुरुवातीलाच तिघांनी कबूल केलं की वऱ्हाडी बोली झेपली नाही, चाळीसेक पानांनंतर पुस्तक ठेवून दिलं. एरवी गोष्ट इथेच संपली असती. एक प्रत कायमची कपाटात गेली असती आणि ‘अवघड आहे’ हा शेरा पुढच्या चार माणसांपर्यंत गेला असता. पण खोक्यावर बसलेली एक मुलगी अचलपूरकडची होती, इथे एका रुग्णालयात परिचारिका. तिने पुस्तक मागून घेतलं आणि कादंबरीची नायिका कौतिक हिच्या तोंडची दोन पानं वाचली. नाट्य नाही, आवाज चढवणं नाही, घरी बोलतात तशी. ज्या वाक्यांवर पुणेरी डोळे अडखळत होते, ती वाक्यं कानांवरून सरळ आत गेली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, यात राग आहे! मी तर हे रडगाणं म्हणून वाचत होतो.’

त्यानंतरचा तासभर कौतिकवर वाद झाला. नवऱ्याचं आजारपण, पोरांची पोटं, रोजची मजुरी हे सगळं एकटीने ओढणारी ही बाई खंबीर की अगतिक? एक तरुण म्हणाला, तिने नवऱ्याला, महादेवला, सोडून द्यायला हवं होतं. एक साठीच्या काकू शांतपणे म्हणाल्या, ‘सोडून कुठे गेली असती, ते सांग बाळा. वर्ष कुठलं, गाव कुठलं, तिच्या नावावर काय होतं?’ त्यावर परिचारिका म्हणाली की तिच्या वॉर्डात अशा बायका आजही येतात, आणि सोडण्याचा विचार त्यांच्या मनात येत नाही असं समजू नका, येतो. शेवटी एकमत झालं नाही. पण तिघांपैकी दोघांनी पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचायला नेलं. हे घरी, एकट्याने, कितीही निवांत बसून झालं असतं का? वऱ्हाडी कानाचा वाचक आणि शहरी डोळ्यांचा वाचक एका पुस्तकापाशी आणून बसवणं कुठल्या व्याख्यानाला जमेल?

दुसरा आक्षेप दुकानाबद्दल. दुकानदार व्यापारी आहे, तो आपल्याला खपवायचं तेच पुस्तक चर्चेला लावणार. प्रकाशक जास्त सूट देईल ते नवं पुस्तक निवडलं जाणार, लेखकाला बोलावलं जाणार, लेखकासमोर कुणी वाईट बोलणार नाही, आणि कट्ट्याचा छोटा प्रकाशन समारंभ होणार. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण असं होताना मी पाहिलं आहे. लेखक पहिल्या रांगेत बसलेला असेल तर वाचक पाहुण्यासारखा वागतो. नावं घेण्याजोग्या त्रुटी मनात ठेवून ‘शैली ओघवती आहे’ म्हणतो. म्हणून दोन अटी मी तडजोड न करण्याच्या मानतो. पुस्तक सभासदांनी निवडायचं, आणि त्या बैठकीला लेखकाला बोलवायचं नाही. लेखकाला भेटायची इच्छा असेल तर पुढच्या महिन्यात भेटावं, खुशाल भेटावं. पण आधी पुस्तकाचा आणि वाचकाचा हिशेब लेखकाच्या पाठीमागे पुरा होऊ द्यावा.

आपापसात कौतुक करणारी मंडळं मराठीला नवी नाहीत. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं, ते रविवारी चहाला जमणाऱ्या कवींच्या बैठकीतून. त्यांनी कविता लोकांपर्यंत नेली, जाहीर काव्यगायनाची आवड लावली, हे मोठं काम. पण कवीच कवींना ऐकवत राहिले की काय होतं, हे 1925 मध्ये अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनकवितांच्या संग्रहाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं. विडंबन इतकं लागलं, कारण आतल्या कुणी ते आधी बोललं नव्हतं. वाचकांचं मंडळ वेगळं असतं ते इथे: तिथे कुणाचंच काही छापून यायचं नसतं, त्यामुळे कुणाला कुणाची भीड नसते.

आणि व्यापाराबद्दल म्हणाल, तर व्यापाऱ्यांनी मराठी वाचनाला दिलं नाही असं कोण म्हणेल? केशवराव कोठावळे गिरगावातले पुस्तकविक्रेते. त्याच माणसाने 1964 मध्ये ‘ललित’ मासिक काढलं, आणि ‘मॅजेस्टिक गप्पा’ त्याच दुकानाच्या नावाने पार्ल्यात नांदल्या. मुंबईत 1948 मध्ये टी. एन. शानभाग यांनी एका चित्रपटगृहाच्या आवारात छोटा स्टॉल टाकला, त्याचं पुढे फोर्टातलं स्ट्रँड झालं. दुकानदाराचा स्वार्थ उघड असतो, त्याच्या फळीवर किमतीसकट लावलेला असतो. समारंभातला स्वार्थ शालीखाली झाकलेला असतो. मला उघड स्वार्थाशी बोलणं सोपं वाटतं.

आता खपाचा मुद्दा. ‘कट्ट्याने विक्री वाढत नाही’ हे वाक्य हमखास टाळी घेतं. पण पुस्तकाच्या दुकानाचा व्यवहार कसा चालतो ते पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही चांगली गोष्ट. पण दुकानाच्या भाड्यावर भरलेला 18 टक्के कर त्यामुळे कुठेच वळता करून घेता येत नाही, तो दुकानदाराच्या अंगावर पडतो. प्रकाशकाकडून मिळणारी सूट साधारण पंचवीस ते चाळीस टक्के, आणि त्यातूनच गिऱ्हाइकाला दहा-पंधरा टक्के सोडावे लागतात, कारण मोबाइलवर किंमत दाखवून तो विचारतो, ‘तिकडे एवढ्याला आहे, तुम्ही कितीला देता?’ अशा दुकानदाराला सर्वांत जास्त भीती कशाची? न खपणाऱ्या मालाची. म्हणून तो जुनं पुस्तक मागवतच नाही. साठ वर्षांपूर्वीची उत्तम कादंबरी फळीवर दिसत नाही, त्याचं कारण तिला वाचक नाहीत हे नसून तिच्या पाच प्रती मागवायचा धोका कुणी पत्करत नाही हे आहे. कट्टा हा धोका काढून टाकतो. पुढच्या महिन्यात अमुक पुस्तक, बारा सभासद, म्हणजे बारा प्रती आधीच विकलेल्या. दोन-तीन जास्तीच्या मागवल्या तर त्या कट्ट्याला न येणारं कुणीतरी कुतूहलाने उचलतं. एकूण विक्रीत हा आकडा लहान दिसेल, पण जुन्या पुस्तकाला दुसरं आयुष्य देणारा दुसरा कुठला मार्ग आज बाजारात आहे?

मात्र सभासदांनी इथे प्रामाणिक राहायला हवं. दुकानात दोन तास बसायचं, दुकानदाराचा चहा प्यायचा, त्याचं वीजबिल वाढवायचं आणि पुस्तक मात्र साठ रुपये स्वस्त म्हणून दुसरीकडून मागवायचं, हा उघड अन्याय आहे. प्रवेशशुल्क घ्यावं की नाही यावर बराच वाद चालतो. माझ्या मते शुल्क नको, पुस्तक त्याच दुकानातून घ्यायचं एवढं बंधन पुरे. फेब्रुवारी 2018 मध्ये स्ट्रँड बंद झालं तेव्हा केवढी हळहळ उमटली! 2012 मध्ये पुण्याच्या कॅम्पातलं मॅनीज बंद झालं तेव्हाही. ती हळहळ खरी होती, यात शंका नाही. पण आपल्या शहरातलं जे दुकान आज उघडं आहे, तिथे आपण शेवटचं पुस्तक कधी घेतलं?

तिसरा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याला नुसत्या युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. हे कट्टे कुणाचे? वातानुकूलित दुकान, रविवारची सकाळ, अर्धं इंग्रजीत चालणारं बोलणं, साडेचारशे रुपयांचं पुस्तक. ज्याला रविवारी सुट्टी नाही, ज्या बाईला रविवारीच घरात सर्वाधिक काम असतं, ज्याला पंधरा शिकलेल्या माणसांसमोर तोंड उघडायची धास्ती वाटते, त्याचं काय? हा प्रश्न आजचा नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. 1885 मध्ये पुन्हा भरली, तेव्हा तिचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. त्यांनी ते नाकारलं. शूद्रादी अतिशूद्रांना काय सोसावं लागतं, हे उंटावरून शेळ्या वळणाऱ्या घालमोड्या दादांना कुठून कळणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुस्तकाभोवती मंडळ जमवणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र आधी वाचावं. मंडळात कोण आहे यावर मंडळाला काय दिसतं हे ठरतं, ही त्यातली गोष्ट एकशे चाळीस वर्षांनंतरही तितकीच खरी आहे.

पण फुल्यांनी सभा नाकारली, एकत्र बसून विचार करणं नाकारलं नाही. सत्यशोधक समाजाच्या सभा त्याआधी बारा वर्षांपासून भरत होत्या. आणि पुस्तक विकत घेणं, त्यावर बोलणं ही सुखवस्तूंची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 6 डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जावं, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर. रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेली माणसं, खांद्यावर पिशवी, त्यात भाकरी, आणि परतताना त्याच पिशवीत पुस्तकं. स्टॉलपाशी उभं राहून ‘यात मुक्तिसंग्रामाचं दिलंय का, की नुसतं चरित्र आहे?’ असं विक्रेत्याला खोदून विचारणारे शेतमजूर आणि सफाई कामगार मी तिथे पाहिले आहेत. विक्रेताही उत्तर देतो, शेजारचा गिऱ्हाईक त्याला दुरुस्त करतो, आणि रस्त्यावर उभ्या उभ्या चर्चा रंगते. महाराष्ट्रातला सर्वांत जिवंत वाचनकट्टा मला तिथे दिसतो. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला असताना केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली, ओळख झाली, आणि 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्याच गुरुजींनी त्याला आपलं लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. वाचणारा मुलगा कुणाच्या तरी नजरेस पडावा यासाठी शहरात काही जागा असाव्या लागतात. बागा आता तशा उरलेल्या नाहीत.

तेव्हा दोष मंडळात नसून त्याच्या वेळेत, भाषेत आणि पैशांत आहे, आणि हे तिन्ही बदलता येतं. बैठक सकाळऐवजी संध्याकाळी घ्या, कधी मंगळवारी घ्या. मराठी पुस्तकावर मराठीत बोला. दर पुस्तकाच्या दोन प्रती ‘दुकानप्रत’ म्हणून ठेवा, ज्याला परवडत नाही त्याने नेऊन आणून द्यावी, नाव विचारू नये. अनेक ठिकाणी पुस्तकभिशी चालते, ती दुकानाशी जोडा: महिन्याला थोडी थोडी रक्कम जमा होते, पुस्तकाचा भार एकदम पडत नाही, आणि भिशीला घरातून निघायची सवय असलेल्या बायकांना कट्ट्याला यायला वेगळी परवानगी लागत नाही.

‘चर्चेने काय बदलतं?’ असं विचारणाऱ्यांना मी 1848 च्या मुंबईकडे बोट दाखवतो. एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तिच्या मराठी आणि गुजराती शाखा झाल्या, तिथे निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा एवढाच उद्योग होता. त्याच पोरांनी पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतः जाऊन फुकट शिकवलं. दादाभाई नौरोजी त्यांच्यातच होते. नुसतं घरी बसून वाचलं असतं तर त्यांना एकमेकांचा आधार कुठून मिळाला असता? याच्या उलट टोकाला आजचं उदाहरण आहे. डिसेंबर 2022 मध्ये एका अनुवादित पुस्तकाला जाहीर केलेला पुरस्कार राज्य सरकारने काढून घेतला आणि निवड समितीच बरखास्त केली. पंधरवडाभर महाराष्ट्र त्यावर तावातावाने बोलला. दोन्ही बाजूंच्या किती जणांनी ते पुस्तक उघडलं होतं? सही करणाऱ्यांनी, निषेध करणाऱ्यांनी, समर्थन करणाऱ्यांनी? ‘आधी वाच, मग बोल’ हा नियम पाळणारी एक तरी जागा प्रत्येक शहरात हवी, याचं याहून मोठं कारण मला सुचत नाही.

कुणी म्हणेल, मग ग्रंथालयं आहेत की, दुकानच कशाला? आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, आणि 1967 च्या कायद्यानंतर गावोगावी हजारो ग्रंथालयं उभी राहिली. पण ग्रंथालय एका पुस्तकाची एक प्रत घेतं, फार तर दोन. बारा जणांनी एकाच महिन्यात एकच पुस्तक वाचायचं, ही गोष्ट एका प्रतीवर होत नाही, आणि अनेक ग्रंथालयं कट्टा भरवायच्या वेळेला बंद झालेली असतात. दुकानाकडे प्रती आहेत, संध्याकाळचे तास आहेत. ग्रंथालयाकडे अनुदान आहे, सभासद आहेत, ज्यांना विकत घेणं परवडत नाही असे वाचक आहेत. दोघांनी एकत्र यावं. ग्रंथखरेदीच्या रकमेतून वर्षाला चार पुस्तकांचे दहा-दहा प्रतींचे संच गावातल्याच दुकानातून घ्यावेत, महिनाभर ते कट्ट्याच्या सभासदांत फिरावेत, बैठक दुकानात व्हावी, आणि मग तो संच तसाच्या तसा पुढच्या तालुक्याच्या ग्रंथालयाकडे जावा: सांगलीचा विट्याला, विट्याचा जतला. जिल्हा ग्रंथालय संघांनी या वर्षीच्या खरेदीच्या याद्या करतानाच हे ठरवायला हरकत नाही.